मोकळ्या दिवसाची भिशी

भरतेश मगदूम सकाळी उठले की आधी फोन बघत आणि मग देवाला हात जोडत. पूर्वी हा क्रम उलटा होता. फोनवर त्यांच्या बायकोचा रंग दिसे. तो हिरवा असला की त्यांचा णमोकार मंत्र शेजारच्या बंगल्यापर्यंत ऐकू जाई. पिवळा असला की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत आणि मऊ आवाजात विचारत, "काय खाल्लंस?"

हे दोन शब्द ऐकले की सुचेताच्या अंगावर काटा येई. नवरा ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. पण त्या आवाजात नुसती भीती असे, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला छपन्नाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, पाळी बंद होऊन बरेच दिवस झाल्यावर तिला पुन्हा रक्त दिसलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. वेळेत सापडला, गर्भाशय काढलं, गाठही आत फार खोल गेलेली नव्हती. सांगलीच्या आपल्या हळदीच्या अडतीत भरतेशनी पेढे वाटले. पण तपासणीला गेल्यावर डॉ. अन्विता शेटे यांनी दोघांना समोर बसवलं. ही डॉक्टर तिच्या मुलाच्या वयाची, बोलणं मात्र आजीसारखं.

"काकू, आपण रोप उपटलंय. ज्या जमिनीत ते उगवलं ती जमीन तिथेच आहे," ती म्हणाली. "पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नसतो. तो एक कारखाना आहे. पाळी गेल्यावरही तो इस्ट्रोजेन बनवत राहतो आणि त्यानं गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. त्यात साखर वाढली की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन पेशींना सांगतं, वाढा. साखर, रक्तदाब, चरबी, कंबर या सगळ्यांचा मेळ म्हणजे तुमचं चयापचय. तो बिघडलेला असला की बायका कमी जगतात."

"म्हणजे पुन्हा कर्करोग होतो?" भरतेशनी विचारलं.

"होऊ शकतो. पण खरी गंमत पुढे आहे. काकूंसारख्या, रोग लवकर सापडलेल्या बायका कर्करोगापेक्षा हृदयविकारानं जास्त जातात. आपण एका दारावर पहारा देत बसतो आणि चोर दुसऱ्या दारानं येतो."

म्हणून दोन्ही दारांवर पहारा बसला. त्याचं नाव 'सोबती'. दंडावर चिकटवायची रुपयाएवढी चकती. कातडीखालच्या पाण्यातून ती साखर, इन्शुलिन, चरबी आणि शरीरातली धग, म्हणजे आतली सूज, मोजायची, नाडीची लय ऐकायची, आणि हजारो बायकांच्या नोंदींशी ताडून ठरवायची की हे शरीर जगण्याकडे चाललंय की उलट दिशेला. हिरवा, पिवळा, लाल. तो रंग घरच्यांच्या फोनवर दिसायचा, कारण घरचे बघत असले की बायका नेमानं वागतात असं संशोधकांच्या ध्यानात आलं होतं. मुदत पाच वर्षांची. चकती काढली तर काही मिनिटांत सगळ्यांचे फोन बोंबलायला लागत. बायकांनी तिला 'सासूबाई' नाव ठेवलं होतं.

मगदूमांच्या घरातून साखर गेली, गूळ गेला, भात कोपऱ्यात गेला. सुचेतासमोर कुणी गोड खात नसे. मुलगा सन्मती गाडीत बसून चोरासारखा वडापाव खाई आणि तोंड पुसून घरात येई. सून म्हणे, "आई, जिना दोनदा चढून या ना, लगेच हिरवं होईल." एका लग्नात सुचेतानं बुंदीचा लाडू खाल्ला, तर अर्ध्या तासानं मांडवात तीन ठिकाणी फोन वाजले आणि तिघं तीन बाजूंनी धावत आले. नवरदेवाकडच्यांना वाटलं, बाई बेशुद्ध पडली.

यंत्र खोटं बोलत असतं तर बरं झालं असतं. पण तिचं वजन उतरलं होतं, साखर ताळ्यावर आली होती, जिना चढताना धाप लागत नव्हती. ज्यानं जीव वाचतोय त्याच्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची? तिनं एकदा बहिणीला सांगून पाहिलं. बहीण म्हणाली, "नशीब समज. माझा नवरा मला ताप आला तरी विचारत नाही." त्यानंतर ती कुणाला काही बोलली नाही.

आता नवीन 'सोबती' आली होती, कातडीच्या आत बसवायची. एकदा टोचली की विसरून जायचं. भरतेश रोज विषय काढत, आणि सुचेता रोज म्हणे, "संक्रांतीनंतर बघू." का, ते त्यांना माहीत नव्हतं. ते फक्त आठ बायकांना माहीत होतं.

त्या आठ जणींची भिशी होती.

सगळ्या याच आजारातून उठलेल्या. भिशीत पैसा नव्हता. महिन्यातून एकदा लतिकाताई घोरपड्यांच्या घरी जमायचं, बरणीतून चिठ्ठी काढायची, आणि जिचं नाव निघेल तिला संध्याकाळपर्यंतचा एक अख्खा दिवस मोकळा. यंत्राला हात कळायचा, माणूस कळायचा नाही. ऊब आणि नाडी मिळाली की त्याचं समाधान. म्हणून दोघींनी दंडाला दंड लावून बसायचं, चकती झटकन एकीच्या हातावरून दुसरीच्या हातावर सरकवायची. फोन तिथेच ठेवायचा. घरच्यांना सांगायचं, मंडळाचा कार्यक्रम आहे.

आणि तो दुसरा हात नेहमी लतिकाताईंचा असे, कारण त्यांचा हात रिकामा होता. त्यांची पाच वर्षं संपली होती, चकती परत गेली होती. त्या सुटलेल्या होत्या. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेली, काटकुळी, खणखणीत आवाजाची ही विधवा बाई शेवटची दोन वर्षं सलग हिरवी राहिली होती. बाकीच्या सात जणी त्यांच्याकडे तीर्थाला गेल्यासारख्या बघत.

"चला, सरका पुढं," बरणी हलवत त्या म्हणत. "आज कुणाचा पास निघतोय बघू."

मार्गशीर्षातल्या त्या शनिवारी सुचेताची चिठ्ठी निघाली. लतिकाताईंनी तिची चकती आपल्या दंडावर घेतली आणि म्हणाल्या, "जा. आन् परत येताना हातात काहीतरी गोड असल्याबिगर दारात पाय ठिवू नगं."

सुचेता एसटीनं नरसोबाच्या वाडीला गेली. विजेवरची ती गाडी आवाज न करता चालली होती, आणि सुचेताला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत होती, की आत्ता मी कुठं आहे हे जगात कुणालाही ठाऊक नाही. घाटावर बसून तिनं कवठाची बर्फी खाल्ली. दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा नकोसा झाला. दोन वर्षं ज्या गोडासाठी जीव टांगणीला लागला होता, ते इतक्यात पुरलं. मग ती नुसतीच बसून राहिली. कुणी काही विचारलं नाही. तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही कुठं नोंद झाली नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

लतिकाताईंसाठी बर्फीचा डबा घेऊन ती परतली तेव्हा ऊन कलायचं होतं. दार रेश्मा मुजावरनं उघडलं. या फेरीत बरणीत फक्त तिचीच चिठ्ठी उरली होती, म्हणून पुढचा महिना तिचाच; ही त्यांच्यातली सगळ्यात धाकटी.

"वहिनी, लाल झालं. भरतेशभाऊंचा फोन आला होता. मी म्हटलं, वहिनी जरा आत पडल्यात. ते निघालेत."

लतिकाताई खुर्चीत बसल्या होत्या. कपाळावर घाम होता आणि एक हात छातीवर. "आगं पित्त हाय," त्या म्हणाल्या. "रात्री ठेचा हाणला. ये, दंड लाव लवकर."

चकती सुचेताच्या दंडावर आली आणि बाहेर गाडी थांबली. नंतरचं सगळं धावपळीत झालं. भरतेशनी तिला खांद्याला धरून गाडीत बसवलं, सन्मती गाडी चालवताना डॉक्टरांशी बोलत होता, आणि सुचेता मागच्या काचेतून दारात उभ्या लतिकाताईंकडे बघत होती. त्यांनी हसून हात हलवला. दुसरा हात अजून छातीवरच होता.

रुग्णालयात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, हृदयाचा आलेख, पोटाचं चित्र. डॉ. शेटे दोन कागद समोर धरून कोड्यात पडल्यासारख्या बसल्या.

"काकूंचं सगळं उत्तम आहे. पण दुपारचा हा आलेख बघा. साखर वर, धग वर, आणि नाडीची लय अशी तुटलेली. हृदयाला रक्त पुरत नसलं की असं दिसतं. हा आलेख ज्या शरीराचा आहे, त्याला मी आत्ता इथून हलू दिलं नसतं."

"मग यंत्र चुकलं?" भरतेशनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तसंच दिसतंय. तक्रार करावी लागेल."

सन्मती वैतागून म्हणाला, "असलं बेभरवशाचं यंत्र आणि आपण ते आईच्या कातडीत बसवणार होतो! पप्पा, आता आतली नको. मी तर म्हणतो, ही पण काढून टाका."

भरतेशनी मान हलवली. "मलाही तसंच वाटायला लागलंय."

दोन वर्षं जे दार ढकलून सुचेताचे हात दुखले, ते आपोआप उघडलं होतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

"जरा तोंड धुऊन येते," ती म्हणाली आणि स्वच्छतागृहात जाऊन तिनं लतिकाताईंना फोन लावला.

"लतिकाताई, आत्ताच्या आत्ता इथं या. लाल तुमचं होतं. कर्करोग नाही, हृदय आहे."

"खुळी का काय तू? माजा कर्करोग कवाच गेला. डाक्टरनी लिहून दिलंय."

"दुखतंय ना अजून?"

थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला. धाप लागलेला.

"सुचे, ऐक," लतिकाताई हळू आवाजात म्हणाल्या. हा आवाज सुचेतानं कधी ऐकला नव्हता. "पाच वर्सं मी उभ्यानं प्रवास केला. पोरगं पुण्यातनं फोन करायचं, आई जेवलीस का म्हणून न्हाई, आई पिवळी का झालीस म्हणून. सुटले तवा मी वाटीभर बासुंदी खाल्ली, आन् मग रोजच खाल्ली. किती दिवस जगायचं ते ह्यांनी सांगावं, पर कसं जगायचं ते तरी माझं मला ठरवू द्या की. मी आता परत त्या गाडीत चढायची न्हाई."

"मी रुग्णवाहिका पाठवते."

"पाठीवशील तर कुणाच्या नावानं पाठीवशील? काय सांगशील? तुझा एकटीचा न्हाई, सातजणींचा दिस जाईल. रेश्मानं सासरी काय सोसलंय ते ठाव हाय तुला. तिचा पास फाडू नगं. शपथ हाय तुला माझी."

फोन बंद झाला. सुचेता आरशासमोर उभी राहिली. आरशातल्या बाईच्या दंडावर चकती शांतपणे हिरवी लुकलुकत होती. शपथ मोडली तर सात बायका आत जातील, त्यातली पहिली ती स्वतः. पाळली तर एक बाई खुर्चीत बसल्या बसल्या जाईल, हातात बर्फीचा डबा घेऊन. सगळे म्हणतील, बाई समाधानानं गेली, आणि कदाचित ते खरंही असेल. सुचेतानं मनाला दहा तऱ्हांनी समजावून पाहिलं, पण छातीवरचा तो हात काही नजरेसमोरून हलेना.

ती बाहेर आली तेव्हा सन्मती तक्रारीचा मजकूर सांगत होता.

"यंत्र चुकलं नाही," ती म्हणाली. "तो हात माझा नव्हता."

तिनं सगळं सांगितलं. पत्ता सांगून होताच डॉ. शेटे उठून धावत गेल्या. खोलीत तिघंच उरले.

"किती वेळा?" भरतेशनी विचारलं.

"दोनदा. आजची दुसरी."

"म्हणजे मी दुसऱ्याच बाईचा हिरवा बघून देवाचे आभार मानत होतो? आणि त्या दिवसात तुला काही झालं असतं तर?"

"तर मला झालं असतं, अहो. मला. माझं म्हणून काहीतरी झालं असतं."

भरतेशना हे कळलं नाही. तिला ते दिसलं. त्यांनी फक्त तिचा हात धरला, घट्ट, बाजारात लहान मूल हरवू नये म्हणून धरतात तसा.

लतिकाताई वाचल्या. हृदयाच्या दोन वाहिन्या जवळजवळ बंद होत्या. अजून थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. कर्करोगाचा मात्र शरीरात कुठं मागमूस नव्हता. चोर दुसऱ्या दारानंच आला होता.

पुढच्या आठवड्यात सातही घरांत बभ्रा झाला आणि सातही बायकांच्या दंडात 'आतली सोबती' बसली. सुचेतानं स्वतःहून पहिला नंबर लावला. नखाएवढा चिरा, एक टाका, संपलं. रेश्मानं तिच्याशी बोलणं टाकलं. बाजारात समोरासमोर आल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझा नंबर होता, वहिनी." चूक केली असं सुचेताला वाटत नव्हतं आणि बरोबर केलं असंही म्हणवत नव्हतं.

लतिकाताईंना भेटायला ती घाबरत घाबरत गेली. त्या अंथरुणावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि हृदयावर नजर ठेवायला त्यांच्याही दंडात 'आतली सोबती' बसवल्याची टाक्याची खूण होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तिकीट फाडलंस माझं," त्या भिंतीला म्हणाल्या.

"हो."

"हे लोक म्हणत्यात, रंग बघायला एक माणूस लागतंय. नियम हाय म्हणं. पोरगं म्हणतंय माझं नाव टाक. त्याला न्हाई देणार मी." मग त्यांनी मान वळवली. "तुझं नाव टाकलंय. जिनं पकडून दिलं तिनंच आता राखण करायची. हीच तुझी शिक्षा."

सुचेताला हसू आलं. तिला वाटलं, आपण या बाईला कधी एक शब्द विचारणार नाही. पिवळी होवो, जांभळी होवो, आपण बघायचंसुद्धा नाही. निदान एका बाईला तरी आपण मोकळी ठेवू. असं मनाशी पक्कं ठरवून ती घरी आली.

पहिल्या दिवशी तिनं खरंच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धीर धरला. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तीच छातीवरच्या त्या हातानं, आणि डोळे नीट उघडायच्या आधी तिचा हात उशाखालच्या फोनकडे गेला. शेजारी भरतेशचाही हात त्याच वेळी आपल्या फोनकडे गेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग तो रोजचाच परिपाठ झाला.

मकरसंक्रांत झाली आणि दुसऱ्या सकाळी लतिकाताईंचा रंग पिवळा होता. सुचेता ओट्यापाशी चहा घेऊन उभी होती. तिनं फोन उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. पिवळाच. तिळगुळाचे दिवस आहेत, तिनं स्वतःला समजावलं, एखादा लाडू खाल्ला असेल, खाऊ दे की. पण लाल व्हायच्या आधी पिवळाच होतो. त्या दिवशीही आधी पिवळाच झाला असेल, आणि तेव्हा आपण घाटावर बसून बर्फी खात होतो. फोन कधी लावला ते तिला कळलंच नाही.

पलीकडून "हालो" आलं.

सुचेतानं काहीतरी वेगळं बोलायचा प्रयत्न केला. तब्येत कशी आहे, थंडी फार पडलीय, असं काहीतरी. पण तोंडातून अगदी मऊ आवाजात दोनच शब्द निघाले.

"काय खाल्लंत?"

"घ्या," लतिकाताई म्हणाल्या. "आमचा जेलर बी बदलला न्हाई. नुसता आवाज बदलला."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला. भरतेश दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत येऊन तिच्याजवळ उभे राहिले आणि तेही तिच्या फोनकडे बघू लागले. रंग हिरवा होईपर्यंत दोघं तिथून हलले नाहीत. चहा केव्हाच निवून गेला होता.